इंग्रजी लिहिताना मराठी कुठे आड येते

मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाचं इंग्रजी पत्र हाती आलं, की त्यातल्या चुका कुठे असणार याचा अंदाज बऱ्याचदा न वाचताच बांधता येतो. त्या चुका वाटेल तशा होत नाहीत. बहुतेक चुकांमागे मराठीचा एखादा नियम असतो आणि लिहिणाऱ्याने तो अगदी चोख पाळलेला असतो. ‘आय हॅड गॉन टू नाशिक यस्टर्डे’ असं लिहिणाऱ्याने ‘मी काल नाशिकला गेलो होतो’ हे निर्दोष मराठी वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलेलं असतं, एवढंच.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, त्याआधी पाचवीपासून शिकवायचे. दोन्ही पिढ्यांनी बारा काळांचा तक्ता मात्र सारखाच घोकला. तक्त्यातून क्रियापदाची रूपं पाठ होतात. कुठलं रूप कधी वापरायचं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून माझं मत असं, की मोठेपणी इंग्रजी सुधारायला बसणाऱ्याने व्याकरणाचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढू नये. दोन भाषांच्या वाटा जिथे वेगळ्या होतात तेवढीच ठिकाणं पक्की करावीत. ती फार नाहीत.

सुरुवात ‘होतो’पासूनच करू. मराठीत झालेली, संपलेली, मागे पडलेली गोष्ट सांगायला ‘गेलो होतो’, ‘केलं होतं’ सर्रास चालतं. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ला दुसरी एक भूतकाळातली घटना सोबत लागते. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’. मी पोचलो ही एक घटना, गाडी त्याच्याही आधी सुटली ही दुसरी. अशी जोडी नसेल तर ‘हॅड’ काढून टाकायचं: ‘आय वेंट टू नाशिक यस्टर्डे’. आपल्या मजकुरातल्या प्रत्येक ‘हॅड’वर बोट ठेवून ‘कशाच्या आधी?’ असं विचारावं. उत्तर त्याच वाक्यात किंवा शेजारच्या वाक्यात सापडलं नाही, तर तिथे साधा भूतकाळ हवा.

‘आहे’ची गोष्ट याहून फसवी आहे. ‘मी काल अर्ज पाठवला आहे’ हे मराठीत कानाला अजिबात खटकत नाही. पण ‘आय हॅव सेंट द ॲप्लिकेशन यस्टर्डे’ हे इंग्रजीत चूक. इंग्रजीतलं ‘हॅव सेंट’ आजच्या क्षणाला बांधलेलं असतं. अर्ज गेला, आता तो तुमच्याकडे आहे, पुढचं बघा, असा त्याचा रोख असतो. ‘काल’ म्हटलं की वाक्य एका संपलेल्या दिवसात अडकतं आणि ‘हॅव’ तिथे टिकत नाही. म्हणून यस्टर्डे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९, व्हेन आय वॉज इन कॉलेज असे संपलेल्या वेळेचे शब्द आले की साधा भूतकाळ. वेळ सांगितलेली नसेल, किंवा सो फार, यट, ऑलरेडी, सिन्स असे शब्द असतील, तर ‘हॅव’. ‘व्हेन’ने सुरू होणाऱ्या प्रश्नातही ‘हॅव’ येत नाही: ‘व्हेन डिड यू सेंड इट?’ अमेरिकेत ‘आय ऑलरेडी सेंट इट’ असंही म्हणतात आणि ते तिकडे बरोबरच आहे. तिथल्या लोकांशी पत्रव्यवहार असेल तर दचकू नका.

तिसरं ठिकाण ‘पासून’चं. ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ या दोन्ही ठिकाणी मराठी एकच प्रत्यय लावते. सोमवार हा सुरुवातीचा क्षण आहे, तीन वर्षं ही लांबी. इंग्रजी त्यांना वेगळे शब्द देते: क्षणाला ‘सिन्स’, लांबीला ‘फॉर’. शिवाय मराठीत ‘काम करतो’ हा वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीत ‘हॅव बीन’ लागतं. त्यामुळे ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ या एका वाक्यात दोन दुरुस्त्या निघतात: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स’ किंवा ‘सिन्स २०२१’. नोकरीच्या अर्जात हे वाक्य हमखास पहिल्या परिच्छेदात येतं, म्हणून आधी हेच पक्कं करून ठेवावं.

आता आर्टिकल्स, म्हणजे अ, ॲन आणि द. इथे थोडं थांबायला हवं, कारण मराठीत ही गोष्टच नाही आणि म्हणून ती आपल्या कानाला ऐकूच येत नाही. ‘मी शिक्षक आहे’ या वाक्यात ‘एक’ घातला तर उलट ते विचित्र वाटेल. इंग्रजीत ‘आय ॲम टीचर’ अपुरं आहे, ‘आय ॲम अ टीचर’ म्हणावंच लागतं. मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा उघडं राहत नाही. त्याच्या आधी अ, द, माय, धिस, एव्हरी यांपैकी काहीतरी यायलाच हवं. ‘गो टू स्कूल’, ‘बाय बस’ असे ठरलेले प्रयोग सोडले, तर एवढा एक नियम लावून आपलं पत्र वाचलं तरी आर्टिकल्सच्या निम्म्याहून जास्त चुका सापडाव्यात. ‘आय रिसीव्ह्ड लेटर फ्रॉम बँक’ यात लेटर आणि बँक दोन्ही उघडी आहेत. लेटर पहिल्यांदाच येतंय म्हणून ‘अ लेटर’, बँक कुठली ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे म्हणून ‘द बँक’.

‘द’ कधी लावायचा, याची एक चाचणी मराठीतूनच करता येते. नामाच्या आधी मनात ‘तो’, ‘ती’ किंवा ‘ते’ घालून बघा. ‘ती फाइल पाठवली’ म्हटल्यावर अर्थ बिघडला नाही, समोरच्याला कुठली फाइल ते समजलं, तर बहुतेक वेळा ‘द फाइल’. नावांच्या बाबतीत मात्र ही चाचणी चालत नाही, तिथे रूढी पाळावी लागते. नद्या, समुद्र आणि डोंगररांगा यांना ‘द’: द गोदावरी, द अरेबियन सी, द हिमालयाज. एकटं शिखर आणि शहर यांना काही नाही: कळसूबाई, पुणे. देशांना सहसा नाही, पण द नेदरलँड्स, द फिलिपीन्स, द यूके, द यूएस.

‘अ’ की ‘ॲन’ हा प्रश्न तर मराठी माणसाने सगळ्यांत आधी सोडवायला हवा, कारण आपल्या हातात देवनागरी आहे. इंग्रजी स्पेलिंग विसरा, शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अवर म्हणजे तास, स्वर, म्हणून ‘ॲन अवर’. युनिव्हर्सिटीचा ‘यु’ व्यंजनाचा, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ऑनेस्ट: ॲन. वन-डे: अ. एमएलए, एफआयआर, एक्स-रे, एसएमएस: ॲन. बीए: अ, पण एमए: ॲन. शाळेत ‘ए, ई, आय, ओ, यू’ असं पाठ करून घेतात आणि मग मुलं ‘ॲन युनिव्हर्सिटी’ लिहितात. ही देवनागरीची रीत एका शब्दावर दगा देते, तो म्हणजे वर्ष. आपण तो ‘इयर’ असा उच्चारतो, खरा उच्चार मात्र ‘य’ने सुरू होतो. म्हणून ‘अ यिअर’. कान या अर्थाचा शब्द मात्र ‘ॲन इअर’.

मोजता न येणारी नामं वेगळी लक्षात ठेवावी लागतात. इथे मराठी कधी मदत करते, कधी खड्ड्यात घालते. ‘माहिती’चं अनेकवचन आपणही करत नाही, तसंच ‘इन्फर्मेशन’चं होत नाही. ‘सामान’ आणि ‘लगेज’ यांचंही जमतं. पण ‘सल्ले’ म्हणतो म्हणून ‘ॲडव्हाइसेस’, ‘उपकरणं’ म्हणतो म्हणून ‘इक्विपमेंट्स’, ‘अभिप्राय मागवले’ म्हणतो म्हणून ‘फीडबॅक्स’ लिहितो, आणि तिन्ही चुकतात. ‘बातमी-बातम्या’ अशी जोडी आपल्याकडे आहे. इंग्रजीत ‘न्यूज’च्या स्पेलिंगच्या शेवटी ‘एस’ असूनही ते एकवचन आहे: ‘द न्यूज इज गुड’.

‘की’ हा आणखी एक चोर. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ या मराठी वाक्यात ‘मी’ म्हणजे तो, हे सगळ्यांना कळतं. मराठी बोलणाऱ्याचे शब्द आहेत तसे ठेवते. ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग टुमॉरो’ असं लिहिलं की इंग्रजी वाचणारा ‘आय’ म्हणजे पत्र लिहिणारा असंच धरतो. ‘ही सेड दॅट ही वॉज कमिंग द नेक्स्ट डे’ असं हवं. ऑफिसातल्या मीटिंगचं इतिवृत्त लिहिणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. ‘मॅनेजर सेड दॅट आय विल चेक द बिल्स’ अशा वाक्याने बिलं तपासायची जबाबदारी कागदोपत्री भलत्याच माणसावर पडते.

प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की इंग्रजीत त्याचा क्रम साध्या विधानासारखा होतो. ‘व्हेन इज द इंटरव्ह्यू?’ हा सुटा प्रश्न. पण ‘प्लीज लेट मी नो व्हेन द इंटरव्ह्यू इज’. मराठीत ‘मुलाखत कधी आहे’ हे तुकडे दोन्हीकडे तसेच राहतात, म्हणून आपण ‘लेट मी नो व्हेन इज द इंटरव्ह्यू’ लिहून मोकळे होतो.

शब्दयोगी अव्ययांत सगळा गोंधळ आपल्या विभक्तीचा. ‘त्याला विचारलं’, ‘त्याला सांगितलं’, ‘त्याला फोन केला’ यांतल्या ‘ला’साठी आपण ‘टू’ घालतो. आस्क, टेल, फोन, आन्सर, मीट यांना ‘टू’ नको: ‘आय टोल्ड हिम’. से, एक्स्प्लेन, रिप्लाय, लिसन यांना हवा: ‘ही एक्स्प्लेन्ड इट टू मी’. ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’ नाही, ‘अँग्री विथ मी’. ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरिड विथ हर’ नाही, ‘मॅरिड हर’. ‘गणितात हुशार’ म्हणून ‘गुड इन’ नाही, ‘गुड ॲट’. ‘डिस्कस’च्या पोटात ‘विषयी’ आधीच आहे, त्यामुळे ‘डिस्कस अबाउट’ मधला ‘अबाउट’ जादा. हेच ‘मेन्शन अबाउट’, ‘एम्फसाइझ ऑन’ आणि ‘कोप अप विथ’चं. शेवटच्यातलं ‘अप’ काढा.

‘च’बद्दल थोडक्यात. ‘तो तिथेच आहे’, ‘असंच असतं’ यांतला ‘च’ आपण ‘ओन्ली’ने भरून काढतो. इंग्रजीत ‘ओन्ली’चा अर्थ ‘फक्त’ एवढाच होतो. जोर द्यायचा असेल तर ‘ही इज राइट देअर’ म्हणा, नाहीतर ‘च’ सोडून द्या. लिखाणात बहुतेक वेळा त्याच्यावाचून काही अडत नाही.

वाक्प्रचारांचा विषय काढला की लोक लांबलचक याद्या मागतात. यादी पाठ करून वाक्प्रचार येत नाहीत, आणि त्यातले बरेचसे आज कोणी बोलतही नाही. जे दोन्ही भाषांत जुळतात ते फुकट मिळतात: आगीत तेल ओतणे आणि ‘ॲड फ्युएल टू द फायर’, नाक खुपसणे आणि ‘पोक युअर नोज इन्टू’, नक्राश्रू आणि ‘क्रॉकोडाइल टिअर्स’. सांभाळावं लागतं ते दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे असलेल्यांना. मराठीत पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे. इंग्रजीत ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे गंमतीने थट्टा करणे. ‘माय कलीग्ज आर पुलिंग माय लेग’ अशी तक्रार परदेशी साहेबाकडे केली, तर तो हसून सोडून देईल. ‘हात वर करणे’ म्हणजे आपल्याकडे जबाबदारी नाकारणे, इंग्रजी वर्गात मात्र ‘रेज युअर हँड’ म्हणजे बोलायची परवानगी मागणे. जबाबदारी नाकारण्याच्या अर्थाला जवळचं म्हणजे ‘वॉश वन्स हँड्स ऑफ इट’. ‘आय पास्ड आउट इन २०१८’ हे भारतात पदवी मिळाली या अर्थाने घेतात. लंडनला किंवा न्यू यॉर्कला पहिला अर्थ बेशुद्ध पडलो असाच लागतो, म्हणून ‘ग्रॅज्युएटेड’ लिहावं. ‘आय हॅव अ डाउट’ हेही तसंच. बाहेर ते अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, शंका विचारायची तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’. ‘प्रीपोन’ मात्र खुशाल वापरा. शब्द भारतात रुळलेला आहे आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशानेही त्याची भारतीय इंग्रजी म्हणून नोंद घेतली आहे. परदेशी माणसाला लिहिताना तेवढं ‘ब्रिंग फॉरवर्ड’ करावं.

औपचारिक पत्राकडे येऊ. आपल्या पत्रांवर सरकारी मराठीची दाट छाया असते. एक नमुना घेतो, अनामत रक्कम परत मागणारा:

‘सब्जेक्ट: रिफंड ऑफ डिपॉझिट रिगार्डिंग. रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू अबव्ह सब्जेक्ट, इट इज इन्फॉर्म्ड टू यू दॅट आय हॅड ॲप्लाइड फॉर रिफंड ऑन ५ मार्च. टिल डेट आय डिड नॉट रिसीव्ह सेम. यू आर रिक्वेस्टेड टू काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट अँड रिव्हर्ट बॅक.’

विषयाच्या शेपटीला लटकलेलं ‘रिगार्डिंग’ हे आपलं ‘परत मिळणेबाबत’ आहे. सरकारी पत्रांत त्याचं ‘रेग.’ असं लघुरूपही दिसतं. इंग्रजीत विषयाची ओळ म्हणजे विषयच, ‘बाबत’ लागत नाही. ‘इट इज इन्फॉर्म्ड टू यू’ म्हणजे ‘आपणांस कळविण्यात येते की’. पण ‘इन्फॉर्म’चं कर्म माणूस असतो, बातमी नव्हे. त्यामुळे ‘यू आर इन्फॉर्म्ड’ किंवा ‘आय ॲम रायटिंग टू इन्फॉर्म यू’ असं तरी हवं. इथे त्याचीही गरज नाही, थेट मुद्द्यावर यावं. ‘हॅड ॲप्लाइड’ची तपासणी वर केलीच आहे, ‘डिड नॉट रिसीव्ह’ तर नेमकं उलटं झालंय: आजवर मिळालेलं नाही, म्हणून इथे ‘हॅव’ हवं. ‘सेम’ला सर्वनाम म्हणून उभं करू नये, ‘इट’ पुरे. ‘डू द नीडफुल’ हे इंग्रजांच्याच जुन्या कचेऱ्यांतलं आहे. भारतात ते अजून समजतं, पण काय करायचं ते मात्र त्यातून कळत नाही, आणि पत्राचं काम तर तेच. ‘ॲट द अर्लिएस्ट’ अर्धवट आहे, त्यापेक्षा तारीख द्या. ‘रिव्हर्ट’चा मूळ अर्थ आधीच्या स्थितीला परत जाणे, उत्तर देणे या अर्थी बाहेर ‘रिप्लाय’ लिहितात. दुरुस्त पत्र असं होईल:

‘सब्जेक्ट: रिफंड ऑफ सिक्युरिटी डिपॉझिट. डिअर सर ऑर मॅडम, आय ॲप्लाइड फॉर अ रिफंड ऑफ माय सिक्युरिटी डिपॉझिट ऑन ५ मार्च. आय हॅव नॉट रिसीव्ह्ड इट सो फार. कुड यू प्लीज लेट मी नो बाय ३१ मे व्हेन द अमाउंट विल बी क्रेडिटेड टू माय अकाउंट? अ कॉपी ऑफ द रिसीट इज अटॅच्ड. युवर्स फेथफुली.’

पत्र साधं झालं, तरी उद्धट झालं नाही. इंग्रजीतला आदर ‘कुड यू’, ‘वुड’, ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ’ यांत असतो. ‘रिस्पेक्टेड’, ‘काइंडली’ आणि ‘हम्बली’ यांची रास घालून तो वाढत नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा आपल्याकडच्या कचेरीला ‘रिस्पेक्टेड सर’ लिहायला हरकत नाही, परदेशात ‘डिअर’च. ब्रिटिश पद्धतीत सुरुवातीला नाव नसेल तर शेवटी ‘युवर्स फेथफुली’, ‘डिअर मिस्टर कुलकर्णी’ असं नाव असेल तर ‘युवर्स सिन्सिअरली’. अमेरिकेत नुसतं ‘सिन्सिअरली’ चालतं. ‘मिस्टर’च्या पुढे आडनाव येतं, ‘मिस्टर सुनील’ नाही. तारखेतला महिना अक्षरांत लिहावा, कारण ०५/०३ म्हणजे आपल्याकडे ५ मार्च आणि अमेरिकेत ३ मे. आणि बाहेरच्या वाचकाला १० लाख कळत नाहीत, १ मिलियन कळतं.

आयएल्ट्सला, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेला, बसणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. लेखनाला ६० मिनिटं, पहिल्या उत्तराला किमान १५० शब्द आणि दुसऱ्याला किमान २५०. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट, म्हणून ४० मिनिटं त्यालाच ठेवावीत. ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’ छापाची घोकलेली सुरुवात टाळावी, ती परीक्षकाच्या लगेच लक्षात येते. व्याकरणाला लेखनाच्या गुणांपैकी पाव वजन आहे, म्हणजे वर सांगितलेल्या चुकांची थेट किंमत मोजावी लागते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतला इंग्रजीचा पेपर ३०० गुणांचा आणि फक्त पात्रतेपुरता असतो, २५ टक्के लागतात. त्यातल्या सारांशलेखनात उतारा एक तृतीयांशावर आणावा लागतो. तिथे आपलं ‘की’चं आणि ‘होतं’चं दुखणं हमखास वर येतं, कारण दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं असतं.

लिहून झाल्यावर तपासायचं कसं? एकाच वाचनात सगळं दिसत नाही, म्हणून फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं: प्रत्येक ‘हॅड’ला ‘कशाच्या आधी?’ आणि प्रत्येक ‘हॅव’ला ‘शेजारी संपलेली वेळ आहे का?’ असं विचारायचं. दुसऱ्या फेरीत फक्त नामं, उघडं एकवचनी नाम शोधायचं. ही फेरी शेवटच्या वाक्यापासून उलट करत यावी, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा घसरत नाही. तिसऱ्या फेरीत ‘टू’, ‘ऑन’, ‘इन’, ‘अबाउट’. शंका आली तर इंग्रजी-मराठी कोश उघडू नका, त्यात शब्दाचा अर्थ मिळतो, वापर मिळत नाही. शिकणाऱ्यांसाठी केलेले इंग्रजी-इंग्रजी कोश ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांच्या संकेतस्थळांवर फुकट आहेत. त्यांत नाम मोजता येतं की नाही हे दिलेलं असतं आणि क्रियापदाच्या पुढे काय येतं ते उदाहरणाच्या वाक्यांतून दिसतं. ‘ॲडव्हाइस’ उघडून बघा: शब्द मोजता न येणारा, आणि एक सल्ला म्हणायचा तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. शब्द वहीत उतरवताना असा जोडीदारासकटच उतरवावा: ‘गुड ॲट’, ‘अप्लाय फॉर’, ‘लुक फॉरवर्ड टू हिअरिंग’. या शेवटच्यात ‘टू’नंतर ‘हिअर’ नाही, ‘हिअरिंग’, आणि पत्राच्या शेवटच्या ओळीत हीच चूक सर्वांत जास्त होते.